बंदूक बाळगायचा हक्क: अमेरिकेतला वाद आणि आपला शस्त्र परवाना

रॅरिटनकाठचा (धागाकर्ता)

न्यू जर्सीतल्या आम्हा देशी मंडळींत बंदूक हा विषय पूर्वी बातमीपुरताच असायचा. कुठल्या तरी शाळेत गोळीबार झाला की दोन दिवस हळहळायचं, "या लोकांना अक्कल कधी येणार" म्हणायचं, आणि पुन्हा घराचे हप्ते नि पोरांचं बास्केटबॉल. हल्ली तसं राहिलेलं नाही. सोनं असणार म्हणून देशी घरं हेरून घरफोड्या झाल्या, त्यात २०२२ चा ब्रुएन निकाल आला, आणि ओळखीतल्या काही जणांनी चक्क पिस्तूल घेतलं. वरणभात खाणारी माणसं. गणपतीच्या आरतीला झांजा वाजवणारी.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या सैन्याचा, उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या हक्काचाही. हा हक्क त्या मिलिशियापुरता की सुट्या नागरिकाचा, यावर दोनशे वर्षं वाद झाला. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तो व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवता येईल. २०१० च्या मॅकडोनाल्ड खटल्यात ते राज्यांनाही लागू झालं. मग जून २०२२ मध्ये ब्रुएन. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासूनच्या कायद्याखाली घराबाहेर पिस्तूल न्यायचं तर 'सबळ कारण' दाखवावं लागे आणि ते सबळ आहे की नाही हे अधिकारी ठरवत असे. न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलेल्या ६ विरुद्ध ३ च्या निकालाने ती अट घटनाबाह्य ठरवली. तशीच अट आमच्या न्यू जर्सीत होती, तीही गेली.

मला हा निकाल चुकीचा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर जितक्या बंदुका जास्त तितकी मढी जास्त, असं माझं साधं मत आहे. पण एक गोष्ट सारखी टोचते. 'सबळ कारण दाखवा, साहेब ठरवतील' ही पद्धत आपल्याला नवी नाही. भारतात शस्त्र परवाना असाच मिळतो. आणि तो कोणाला मिळतो, कोणाला नाही, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. मग ठरवायचं कोणी? चर्चा कृपया यावर व्हावी. 'अमेरिका वेडी आहे' हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

ह्यूस्टनतात्या

मी या धाग्यावरचा 'तसला' माणूस. घरात एक शॉटगन आणि एक नाइन एमएम पिस्तूल आहे. टेक्सासात २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं, तरी मी वर्गाला बसून परवाना काढला. नेमबाजी आवडते, शिकार जमत नाही, डाव्या पक्षांना मत देत नाही. झालं समाधान?

आता मुद्दा. "पोलीस आहेत ना" असं सगळे म्हणतात. २००५ साली कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पोलिसांनी वाचवलं नाही म्हणून तुम्हाला घटनात्मक हक्काचा दावा लावता येत नाही. दावा लावणाऱ्या बाईकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. नवऱ्याने मुली उचलून नेल्या, ती पोलिसांना फोन करत राहिली, तिन्ही मुली गेल्या. आणि मे २०२२ चा युवाल्डीच्या शाळेतला गोळीबार आमच्याच राज्यातला. ३७६ पोलीस जमले होते आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. तुमचं घर गावाबाहेर, पेट्रोल पंपावर तुम्ही रात्री एकटे, आणि भरवसा कोणावर ठेवायचा तर यांच्यावर.

दुसरं, गांधीजींनीच म्हटलंय की इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा. इथल्या बंदूक दुकानांत हे वाक्य फ्रेम करून लावलेलं मी पाहिलंय. आपण मात्र ते सांगायला लाजतो.

खोडसाळ_पेठकर

तात्या, पुण्यात पार्किंगवरून तुमचं जे व्हायचं ते तिथे कसं निभावता?

ह्यूस्टनतात्या

तिथे कोणी भांडतच नाही रे. समोरच्याच्या गाडीत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

मृदुला_ओहायो

तात्या, हसले. पण तुमच्या विनोदातच प्रश्न आहे. सगळे एकमेकांना वचकून राहतात म्हणून शांत वाटणं, याला मी सुरक्षितता म्हणत नाही.

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. बंदुकीच्या चर्चेत माझ्या कामाचा भाग नेहमी वगळला जातो म्हणून लिहिते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. टीव्हीवर दिसणारे शाळा-मॉलमधले गोळीबार हा एकूण मृत्यूंतला फार लहान भाग आहे. त्यांची दहशत मोठी, हे मान्य. माझी मुलगी बालवाडीपासून लॉकडाउन ड्रिल करते, दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं. पण आकड्यांनी पाहिलं तर बंदुकीचा सर्वांत मोठा धोका ती ज्या घरात आहे त्या घरालाच असतो.

यातला कळीचा भाग असा की आत्महत्येचा आवेग बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस वाचणार की नाही हे ठरतं. बंदूक असेल तर दहातले जवळजवळ नऊ जण जातात. वाचलेल्यांतले बहुतेक पुढे आत्महत्या करत नाहीत. हे आपल्याला विदर्भ-मराठवाड्यावरून कळायला हवं. श्रीलंकेने १९९५ नंतर जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं. माणसांची दुःखं कमी झाली नव्हती, साधन दूर गेलं होतं.

म्हणून देशी मित्रांकडे मुलीला खेळायला पाठवताना मी सरळ विचारते, "घरी बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का?" पहिल्यांदा फार अवघड गेलं. आता शेंगदाण्याची ॲलर्जी विचारतात तितक्या सहज विचारते. २०२० पासून या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. रस्ते अपघात मागे पडले.

ह्यूस्टनतात्या

मृदुलाताई, कुलपाबद्दल शंभर टक्के सहमत. माझं पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत असतं. पण हा सांभाळण्याचा प्रश्न झाला, हक्काचा नव्हे.

मृदुला_ओहायो

तुमच्या घरात सांभाळण्याचा. धोरण ठरवणाऱ्याला सगळ्या घरांची सरासरी पाहावी लागते, आणि सरासरी घरात तुमच्यासारखी पेटी नसते.

कलमकसाई

तात्यांनी गांधीजींना साक्षीला आणलंय तर उलटतपासणी करू. (पेशाने वकील आहे, सवय जात नाही.)

ते वाक्य खरं आहे, पण ते कुठलं ते पाहा. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजी इंग्रजांसाठी सैन्यभरती करत होते. हो, पहिल्या महायुद्धासाठी. त्या भरतीच्या पत्रकातलं हे वाक्य आहे आणि आत्मकथेत त्यांनी ते स्वतःच उद्धृत केलंय. पुढचा युक्तिवाद असा, की शस्त्रबंदी उठायला हवी असेल, शस्त्रं चालवायला शिकायचं असेल, तर ही सोन्यासारखी संधी आहे. सरकारच्या अडचणीत मदत करा, अविश्वास जाईल, बंदी उठेल. उशाला पिस्तूल ठेवायच्या हक्काची ती मागणी नव्हती. गुलाम आणि धनी यांच्यातल्या विश्वासाचा सौदा होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याचा खरा डंख तोच होता, कारण युरोपियनांना त्यातून सूट होती आणि 'नेटिवांना' परवाना लागे.

म्हणूनच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. तात्यांना हे आवडेल. आता पुढचं तितकं आवडणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी नेमकी हीच दुरुस्ती मांडली, की हा हक्क घटनेत घाला, आपल्याच पक्षाचा जुना ठराव आहे. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं असं होतं: ठराव झाला हा इतिहास आहे, पण तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. परक्या सरकारने गुलाम प्रजेला शस्त्र नाकारलं होतं म्हणून ती मागणी होती. आता राज्य आपलं आहे. कोणीही बाजारात जावं आणि कसलंही मारक हत्यार बिनदिक्कत विकत घ्यावं, असं झालं तर राज्यकारभार चालणार कसा? आणि आग्रह धरायचाच तर हक्कापेक्षा कर्तव्याचा धरावा, देशावर वेळ आली तर राज्याने नागरिकाला शस्त्र उचलायला बोलावावं.

म्हणजे जो प्रश्न अमेरिकेने १७९१ साली एका दिशेने सोडवला तो आपल्यापुढेही रीतसर आला होता, आणि आपण विचार करून दुसऱ्या दिशेने गेलो. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. परवाना पुढे कसा राबवला गेला, हे वेगळं दुखणं.

बालाघाटी

त्या 'वेगळ्या दुखण्या'च्या जिल्ह्यातून लिहितोय. बीड.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर सगळ्या महाराष्ट्राला आमच्या कमरेची पिस्तुलं दिसली. जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने निघाले. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ गावोगाव फिरत होते. गाजावाजा झाल्यावर प्रशासनाने बरेच परवाने रद्द केले. पण दिले कोणी होते? प्रत्येक परवान्यामागे पोलिसांचा अहवाल असतो, अर्जदाराच्या जिवाला धोका आहे असं कोणीतरी सहीनिशी लिहिलेलं असतं. ज्याच्यापासून गावाला धोका त्याच्याच जिवाला धोका असल्याचा दाखला!

परळी-केजकडे लग्नाच्या मांडवात पिस्तूल हे पाहुण्याचं वजन सांगतं. घड्याळ, बुलेट, मग पिस्तूल. कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात जातं, म्हणजे गरिबाच्या आवाक्यातली वस्तूच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेदरकार हर्षफायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड ठेवलाय. किती जणांना झाला ते ज्याचं त्याने शोधावं.

म्हणून धागाकर्त्याचा प्रश्न मला पटतो. साहेबाच्या मर्जीवर सोडलं की बंदूक साहेबाला भेटू शकणाऱ्याला मिळते. अमेरिकन कोर्टाने निदान हे तरी ओळखलं.

रॅरिटनकाठचा (धागाकर्ता)

बालाघाटी, हेच मला म्हणायचं होतं. आणि तिथेही अगदी हेच झालंय. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला. जिवाला धोका याहून किती असायचा? अर्ज नामंजूर. ब्रुएनच्या वेळी बंदूकवाल्यांच्या बाजूने न्यूयॉर्कचे गरीब आरोपींचे बचाव वकीलही उभे होते, ही गोष्ट आपल्याकडच्या बातम्यांत आलीच नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की श्रीमंत गोऱ्याला परवाना मिळतो आणि ब्राँक्समधला काळा पोरगा तेच पिस्तूल बाळगल्याबद्दल तुरुंगात जातो.

याची उलट बाजूही आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स ही काळ्यांची संघटना, तिचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन उघड गस्त घालायला लागले, तेव्हा सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या मलफर्ड कायद्यावर सही कोणी केली? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. हक्क सगळ्यांचा, पण अमक्यांच्या हातात दिसला की नियंत्रण हवंसं वाटतं.

निळी_पहाट

मग आपल्या कायद्यातलं एक कलम इथे यायलाच हवं. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम, नियम ३. जिथे अत्याचाराची शक्यता आहे असा भाग ओळखून राज्य सरकारने काय करायचं त्याची यादी आहे. त्यात दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्र परवाने रद्द करायचे, बेकायदा हत्यारं जप्त करायची, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे, असं स्पष्ट लिहिलंय. देशाच्या नियमपुस्तकात आहे हे. बहुतेक वकिलांनाही सांगितलं तर खोटं वाटतं.

हे वाचून आमच्याच काही मुलांना चेव येतो, परवाने मागूया म्हणतात. मला ते पटत नाही. एक बंदूक आमच्या वस्तीत आणि गावात पंचवीस, हे संरक्षण होत नाही, निमित्त होतं. उद्या काही झालं की "त्यांच्याकडेही होती" म्हणायला मोकळे. नियमाचा क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांची काढा. ते पहिलं काम झालं तर दुसऱ्याची वेळच येणार नाही.

डॉ. आंबेडकरांचं ते उत्तर मी याच नजरेने वाचते. जातीच्या समाजात 'सगळ्यांना हक्क' दिला की शस्त्र प्रत्यक्षात कोणाकडे जमा होतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

कलमकसाई

निळी_पहाट, नियम ३ ची आठवण काढलीत, उत्तम. शेवटच्या वाक्याशी मात्र असहमत. तो तुमचा अर्थ झाला, त्यांच्या भाषणात जातीचा युक्तिवाद नाही, राज्याच्या कारभाराचा आहे. अर्थ चुकीचा आहे असं म्हणत नाही, पण तो त्यांच्या तोंडी घालू नये.

निळी_पहाट

नजर माझी आहे असंच लिहिलंय, साहेब.

ॲडमिन

चालू खटल्यांतल्या आरोपींची नावं घेऊन लिहिलेले प्रतिसाद काढले आहेत. बीडबद्दल लिहा, पण निकाल कोर्टाला लावू द्या.

नवा_एचवनबी

बेसिक प्रश्न. एच-वन-बी वर असताना बंदूक घेता येते का? ऑफिसातले मित्र नेमबाजीच्या रेंजवर चल म्हणतात.

ह्यूस्टनतात्या

नाही. फेडरल कायद्याने तात्पुरत्या व्हिसावाल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. राज्याचा शिकारीचा परवाना काढला तर अपवादात बसता येतं, म्हणून काही जण शिकार न करता तो काढतात. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असशील तर वकिलाला विचारल्याशिवाय गंमत करू नकोस. ग्रीन कार्ड आलं की घेता येते. तेव्हा दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात गांजा ओढता का हा प्रश्न आहे. तुझ्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही. खोटं लिहिलंस तर तो वेगळा गुन्हा.

खोडसाळ_पेठकर

म्हणजे अमेरिकेत गांजा किंवा बंदूक यांतलं एकच. हा नियम मला तरी संतुलित वाटतो.

मेलबर्नमावशी

ऑस्ट्रेलियाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं, कारण अमेरिकेत प्रत्येक गोळीबारानंतर आमचं नाव निघतं.

२८ एप्रिल १९९६, टास्मानियातलं पोर्ट आर्थर, गोळीबारात ३५ माणसं गेली. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि ते उजव्या पक्षाचे, ज्यांचे मतदार गावाकडचे बंदूकवाले. त्यांनी बारा दिवसांत सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि पंप-ॲक्शन शॉटगन सामान्य माणसासाठी जवळजवळ बंद. सरकारने पैसे देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या आणि वितळवल्या. व्हिक्टोरियातल्या सेल गावी हॉवर्ड संतापलेल्या बंदूकमालकांपुढे भाषणाला उभे राहिले तेव्हा कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट होतं. ते पुढेही वर्षानुवर्षं पंतप्रधान राहिले. बंदुकीला हात लावला की सत्ता जाते, हे खरं नाही.

त्यानंतर इथे सामूहिक गोळीबार झालेच नाहीत असं नाही, झाले. आणि बंदुकाही संपल्या नाहीत, शेतकऱ्यांकडे, क्लबांत भरपूर आहेत. पण घेताना 'खरं कारण' द्यावं लागतं. शेती, शिकार, नेमबाजी चालते. स्वसंरक्षण हे कारण इथे धरलंच जात नाही. साहेबाच्या मर्जीचा तुमचा जो वाद चाललाय तो इथे फारसा का होत नाही ते यात आहे. कोणती कारणं चालतील ते कायद्यानेच लिहून ठेवलंय. कोणाच्या जिवाला किती धोका, याचं माप साहेबाला काढावंच लागत नाही.

ह्यूस्टनतात्या

मावशी, आदर आहे, पण साडेसहा लाख आणि ३९ कोटी यांत फरक आहे. २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य लोकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त. कोण गोळा करणार? आणि दार वाजवायला जाणारे कोण, तर तेच युवाल्डीचे पोलीस.

मृदुला_ओहायो

सगळ्या गोळा करा असं इथे कोणीच म्हटलेलं नाही. घरगुती हिंसेचा आदेश निघालेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते, हे जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी मान्य केलं. २०२२ च्या फेडरल कायद्याने एकवीसच्या आतल्या खरेदीदाराची जास्तीची तपासणी सुरू झाली, आणि तो कायदा तुमच्याच टेक्सासच्या रिपब्लिकन सिनेटरने पुढे रेटला. एवढ्याला तरी हो म्हणाल ना?

ह्यूस्टनतात्या

रहिमीला हो. एकवीसच्या तपासणीलाही हो. 'आधी एवढं, मग पुढचं' याला नाही. आमच्याकडचे लोक का अडून बसतात ते यात आहे, विश्वास नाही.

कुडाळचो_आप्पा

रात्री उशिरा वाचतोय. तुमची पिस्तुलं वाचून हसू येतं. माझ्याकडे आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक, वडिलांकडून माझ्या नावावर आली. पीक संरक्षणाचा परवाना. नळीत दारू घालायची, गजाने ठासायची, छर्रे, वर केप. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत वांदर घरी जाऊन जेवून येतात. डुक्कर मारायचा तर वन खात्याची परवानगी लागते, म्हणून बहुतेक वेळा नुसता आवाज काढून पळवायचं. पुढचं देवाक काळजी.

आता आमची गोष्ट ऐका. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ ला १६ मार्चला आचारसंहिता लागली, आमचं मतदान ७ मे, निकाल ४ जून. काजूचा हंगाम नेमका तेव्हाच. बोंडू पिकून पडतोय, रात्री डुकरं, दिवसा वांदर, वरच्या अंगाला गवे, आणि बंदूक ठाण्याच्या खोलीत. ऑक्टोबरला विधानसभा, तेव्हा भात कापणीला आलेलं, पुन्हा जमा. ठासणीच्या बंदुकीने कोण बूथ ताब्यात घेणार आहे? आणि ज्यांच्याकडे कट्टे, बेकायदा गावठी पिस्तुलं, आहेत ते थोडेच आणून जमा करतात!

नूतनीकरणाला गेलो की दरवेळी नवीन कागद. शेवटी एक जण म्हणाला, "आप्पा, सोडून द्या, जुनी बंदूक सरकारजमा करा." का म्हणून?

बालाघाटी

आप्पा, कट्ट्याचं अगदी बरोबर. सातपुड्याच्या पायथ्याशी उमर्टीकडून येणारी गावठी पिस्तुलं पुण्या-मुंबईपर्यंत पोचतात. परवाना, आचारसंहिता, जमा, हे सगळं कागदावर नाव असलेल्याला. त्याच २०१७ च्या अंदाजात भारतात सामान्य लोकांकडे सात कोटींच्या वर बंदुका धरल्यात, नोंदलेल्या त्यांतल्या ९७ लाखांच्या आसपास.

ह्यूस्टनतात्या

बघा! हेच आम्ही इथे ओरडून सांगतो. कायदा पाळणाऱ्यालाच कायदा लागतो.

रॅरिटनकाठचा (धागाकर्ता)

तात्या, पण तुमच्याकडचे 'कट्टे' येतात कुठून? अमेरिकेत गुन्ह्यात वापरलेली बहुतेक बंदूक कधीतरी कायदेशीर दुकानातूनच विकली गेलेली असते. मग चोरीला जाते, किंवा दुसऱ्याच्या नावावर घेतलेली असते, किंवा खासगी विक्रीत तपासणीशिवाय हात बदलते. उमर्टीतल्या लोहाराला बंद करणं हे एक काम, आणि दुकानाच्या मागच्या दारावर लक्ष ठेवणं हे दुसरं. तुमचे लोक त्या दुसऱ्याला विरोध करतात.

कलमकसाई

आप्पा, तुमच्यासाठी थोडं कायद्याचं, कारण यात धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नालाही उत्तर आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३(३) दोन भागांत आहे. किमान वीस इंच नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी, यांचा परवाना प्राधिकाऱ्याने 'द्यावा' असं लिहिलंय. बाकी हत्यारांना, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला, 'योग्य कारण आहे अशी खात्री पटल्यास'. थोडक्यात, शेतकऱ्याच्या बंदुकीच्या बाजूला कायदा झुकलेला आहे आणि पिस्तूल साहेबाच्या खात्रीवर. प्रत्यक्षात तुम्ही आणि बालाघाटी सांगताय ते बरोबर उलटं आहे. पिस्तुलाला खात्री लगेच पटते, ठासणीला कागद पुरत नाहीत.

म्हणून माझं मत: ब्रुएनसारखं सगळ्यांना मोकळं करणं हा उपाय नाही, पण मर्जी उघड्यावर आणणं आहे. पिस्तुलाचा परवाना दिला तर कोणाच्या शिफारशीवर, कोणत्या धोक्यासाठी, आणि तो धोका संपला की परवाना का संपला नाही, हे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. अर्जदाराचा पत्ता नको, कारण तरी लिहा.

नकार आला तर कारण लेखी मागा, कलम १४(३) खाली ते नोंदवायचं असतं आणि मागितल्यावर थोडक्यात द्यायचं असतं. मिळालं की कलम १८ खाली अपील, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे. मुदत तीस दिवस, ती चुकवू नका. कोणी तोंडी "सोडून द्या" म्हणालं तर तो आदेश नव्हे.

निळी_पहाट

संकेतस्थळाची कल्पना पटली. त्याला नियम ३ खालचे रद्द केलेले परवानेही जोडा, जिल्हावार.

ह्यूस्टनतात्या

कारणं जाहीर करायला माझा विरोध आहे. इथे एका वृत्तपत्राने सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर न्यूयॉर्कच्या दोन काउंट्यांतल्या पिस्तूल परवानाधारकांचा नकाशा नावपत्त्यांसह छापला होता. चोरांना यादीच मिळाली. शेवटी त्यांना तो काढावा लागला.

कलमकसाई

म्हणून तर पत्ता नको म्हटलं, तात्या. नावाचं भांडण आपण वेगळं करू. आमदार-नगरसेवकांचं तरी नाव येऊ द्या, सामान्य माणसाचं झाका.

कुडाळचो_आप्पा

वकीलसाहेब, कलम १४ आणि १८ लिहून घेतलं. सोमवारी लेखी अर्ज देतो. एक अडचण मात्र तुमच्या कायद्यात नाही. तालुक्यात बंदुकीची दारू आणि केपा विकणारं एकच दुकान होतं, ते गेल्या पावसाळ्यात बंद झालं. कोल्हापूरकडे कुठे मिळते का, कोणाला माहीत असेल तर सांगा. परवान्यावर नेणार आहे, बिलासकट.